सोनिक कार्टूनचा तिसरा सीझन कुठं मिळेल? पोरगा रोज विचारतो, लाल डोळ्यांचं पुढं काय झालं?

तिसरा सीझन निघालाच नाही भाऊ. सोनिकच्या व्हिडिओ गेमवरची ही मालिका १९९३ साली अमेरिकेत एबीसी वाहिनीवर आली आणि २६ भागांनंतर, डिसेंबर १९९४ मध्ये थांबली. सगळे भाग मी क्रमानं पाहिलेत: शेवटी खलनायक रोबॉटनिक हरतो, त्याच्या हाताखालचा स्निव्हली हुकूम सोडायला लागतो अन् मागं अंधारात ते लाल डोळे चमकतात. तिथंच संपतं. एवढी चांगली गोष्ट अर्धवट राहिली, याचं फार वाईट वाटतं. ‘सीझन ३’ नावानं फिरतं ते चाहत्यांनी केलेलं. त्यासाठी रेंज शोधत फिरू नका. सोनिकचे साथीदार सॅली, रोटर मात्र कॉमिक्समध्ये पुढं बरीच वर्षं भेटतात, फक्त कथा वेगळी आहे.