दोन गावांची दोन घड्याळे

प्रश्न : माझा पुतण्या डिसेंबरात मुंबईहून न्यूयॉर्कला गेला. तिकिटावर सुटण्याची वेळ पहाटे २ आणि पोहोचण्याची त्याच दिवशी सकाळी ७.३० अशी छापली होती. मग प्रवासाला सोळा तास लागले, असे तो कसे सांगतो? शिवाय आमच्या जिल्हा परिषद शाळेतील नकाशात न्यूयॉर्क अरबस्तानाच्या पलीकडे, पश्चिमेला दिसते. पुतण्या मात्र बर्फाच्या मुलखावरून गेल्याचे सांगतो. एवढी वाकडी वाट कशासाठी?
– एक शेतकरी वाचक, दारव्हा (जि. यवतमाळ)

उत्तर : तिकिटावरील प्रत्येक वेळ त्या त्या गावच्या घड्याळाची असते. हिवाळ्यात न्यूयॉर्कचे घड्याळ आपल्या साडेदहा तास मागे असते. म्हणून तेथे सकाळचे ७.३० वाजतात, तेव्हा दारव्ह्यात संध्याकाळचे ६ वाजलेले असतात. पहाटे २ पासून मोजल्यास बरोबर १६ तास भरतात. (उन्हाळ्यात तेथील घड्याळे एक तास पुढे करतात, तेव्हा फरक साडेनऊ तासांचा धरावा.)

वाटेचे म्हणाल, तर वाकडेपणा नकाशातला आहे. गोल पृथ्वी सपाट कागदावर पसरताना ध्रुवांकडील प्रदेश ताणले जातात आणि तेथून जाणारी जवळची वाट कागदावर लांबलचक कमानीसारखी दिसते. शाळेत पृथ्वीगोल असल्यास त्यावर मुंबईपासून न्यूयॉर्कपर्यंत दोरा घट्ट ताणून पाहावा : तो पाकिस्तान, अफगाणिस्तान, रशिया, फिनलंड, आइसलँड आणि ग्रीनलँडचे दक्षिण टोक असा जातो. हे अंतर सुमारे १२,५४० किलोमीटर आहे. याउलट होकायंत्राची एकच दिशा धरून गेल्यास ते सुमारे १४,२०० किलोमीटर होते, म्हणजे ७०१ किलोमीटरच्या समृद्धी महामार्गाने नागपूरहून मुंबईला जाऊन परत यावे आणि तरीही काही अंतर उरावे, एवढा फेरा पडतो.

मोठ्या प्रवासी विमानाचा वेग ताशी सुमारे ९०० किलोमीटर असतो. त्या हिशेबाने चौदा तास पुरायला हवेत, हे चाणाक्ष वाचकाच्या ध्यानात येईलच. परंतु दोऱ्याची वाट विमानाला नेहमी मोकळी नसते. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने आपले आकाश भारतीय विमानांना बंद केले, त्यामुळे त्यांचा वळसा सुरुवातीलाच पडतो. त्यात दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वाऱ्याचे पट्टे वाहतात, त्यांचा वेग कधी कधी ताशी दोनशे किलोमीटरच्याही वर जातो, आणि अमेरिकेकडे निघालेल्या विमानाला ते समोरून अडवतात.

येताना तोच वारा पाठीशी असतो. हिवाळ्यात दुपारी १२.३० ला न्यूयॉर्कहून सुटलेले विमान मुंबईला दुसऱ्या दिवशी दुपारी १.३० ला उतरले, तर तिकिटावर पंचवीस तास दिसतील. त्यातून साडेदहा वजा करावेत, म्हणजे पुतण्या हवेत साडेचौदा तासच होता हे कळेल.