'वसाहत' हा शब्द सोडून: अमेरिकी साम्राज्याविषयी वाचकांचे प्रश्न

अमेरिका स्वतः ब्रिटिशांची वसाहत होती. मग ती दुसऱ्यांच्या भूमीवर राज्य कधीपासून करू लागली? – निवृत्त शिक्षिका, नाशिक

पाठ्यपुस्तकात १८९८ हे साल, म्हणजे स्पेनशी झालेल्या युद्धाचे, असते आणि ते चूक नाही. पण सुरुवात त्याआधीची आहे, आणि तीही पक्ष्यांच्या विष्ठेपासून! समुद्रपक्ष्यांची विष्ठा तेव्हा शेतीचे मौल्यवान खत होती. असे खत असलेल्या निर्जन, बेवारस बेटांवर अमेरिकेच्या वतीने हक्क सांगायची मुभा १८५६च्या एका कायद्याने अमेरिकी नागरिकांना मिळाली. हवाई बेटे मात्र बेवारस नव्हती. तिथे लिलिउओकलानी नावाची राणी होती. जानेवारी १८९३मध्ये गोऱ्या व्यापारी-मळेवाल्यांच्या गटाने तिला पदच्युत केले, तेव्हा अमेरिकेचे नौसैनिक होनोलुलूच्या रस्त्यांवर उतरलेले होते. पाच वर्षांनी बेटे अमेरिकेत सामील झाली.

'मेन' ही युद्धनौका खरेच स्पेनने बुडवली होती का? – विद्यार्थी, कोल्हापूर

सिद्ध झालेले नाही. १५ फेब्रुवारी १८९८ रोजी, स्पेनच्या ताब्यातल्या क्यूबात, हवानाच्या बंदरात या अमेरिकी नौकेचा स्फोट झाला आणि २६०हून अधिक जण मेले. चौकशीने पाणसुरुंगाला दोष दिला, वृत्तपत्रांनी थेट स्पेनला. १९७०च्या दशकात अमेरिकी नौदलाच्या अॅडमिरल रिकओव्हर यांच्या अभ्यासाने कल दिला तो जहाजातल्याच कोळशाच्या आगीकडे. तोवर स्पेनशी युद्ध होऊन पाऊणशे वर्षे उलटली होती.

क्यूबाला स्वातंत्र्य आणि फिलिपिन्सला नाही, हा भेद का? – वाचक, पुणे

क्यूबा गिळंकृत करणार नाही, असे अमेरिकी संसदेने युद्धापूर्वीच ठरावात लिहून दिले होते. स्पेनचीच वसाहत असलेल्या फिलिपिन्सबद्दल असे काहीच लिहिले नव्हते. अगिनाल्दो हे तिथले बंडखोर नेते अमेरिकेच्याच जहाजातून मायदेशी परतले आणि १२ जून १८९८ला त्यांनी स्वातंत्र्य जाहीर केले. डिसेंबरात पॅरिसला तह झाला, तेव्हा त्यांच्या प्रतिनिधीला बैठकीत जागाच नव्हती. २ कोटी डॉलर स्पेनला मिळाले, बेटे अमेरिकेला. सिनेटने हा तह ५७ विरुद्ध २७ मतांनी मंजूर केला. दोन तृतीयांशासाठी ५६ मते लागत होती. त्याच्या दोनच दिवस आधी मनिलात अमेरिकी आणि फिलिपिनो सैनिकांत गोळीबार सुरू झाला होता.

पुढची तीन वर्षे जे झाले त्याला वॉशिंग्टन 'बंड' म्हणत राहिले. ज्यांचे राज्य अजून नीट बसलेलेही नाही, त्यांच्याविरुद्ध बंड कसले? सुमारे ४,२०० अमेरिकी सैनिक मेले. लढाई, रोगराई आणि उपासमार धरून फिलिपिनो नागरिकांच्या मृत्यूचे अंदाज दोन लाखांच्या घरात आणि त्याहून वर जातात. समार बेटावर दहा वर्षांवरच्या सगळ्यांना मारा, असा हुकूम जनरल जेकब स्मिथने दिला. त्याच्यावर खटला झाला. शिक्षा काय, तर समज आणि सेवानिवृत्ती.

आणि क्यूबाचे 'स्वातंत्र्य'? १९०१च्या प्लॅट दुरुस्ती या अमेरिकी कायद्याने तिथे हस्तक्षेपाचा हक्क अमेरिकेने राखला. तो १९३४ला गेला, ग्वांतानामोचा नाविक तळ मात्र अजून आहे. त्याच्या भाड्याचे धनादेश क्यूबा सरकार कित्येक दशके वटवत नाही.

किपलिंगची 'गोऱ्या माणसाचे ओझे' ही कविता भारतावरच होती ना? – वाचक, ठाणे

नाही. उपशीर्षकातच अमेरिका आणि फिलिपिन्स आहेत. १८९९च्या फेब्रुवारीत, नेमकी फिलिपिन्समधल्या त्या लढाईच्या तोंडावर, ती छापून आली. कवी मात्र आपल्या मुंबईत, जे. जे. कला महाविद्यालयाच्या आवारात जन्मलेला.

आजही अमेरिकेच्या वसाहती आहेत का? – वाचक, फोंडा

'वसाहत' म्हणत नाहीत, 'प्रदेश' म्हणतात. १९०१मध्ये कॅरिबियनमधल्या प्युर्तो रिको बेटाच्या एका खटल्यात अमेरिकी सर्वोच्च न्यायालयातल्या न्यायमूर्तींनी हे बेट 'देशांतर्गत अर्थाने परकीय' आहे, असे लिहिले. तो शब्दप्रयोग मला आजही पुरता उलगडलेला नाही. १९१७पासून तिथले लोक अमेरिकी नागरिक आहेत. प्युर्तो रिकोची राजधानी सान हुआनची बाई न्यूयॉर्कला राहायला गेली की राष्ट्राध्यक्षासाठी मत देऊ शकते, परत घरी राहायला आली की नाही.