सहाव्या आठवड्यासाठी माणसं राखून ठेव

खानापूर (जि. बेळगाव)

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. अण्णांचं रेडिएशन सोमवारपासून सुरू होतंय, घर माणसांनी भरलंय आणि तरी तुला एकटं वाटतंय, हे वाचून माझेच दिवस आठवले. तुझ्या काकांनाही तोंडाचाच कॅन्सर होता.

आत्ता जे येताहेत ते बघायला येताहेत. त्यांचा चहा करण्यात तुझी संध्याकाळ जाते. तोंडाच्या रेडिएशनच्या साधारण तीस ते पस्तीस बैठका असतात, आठवड्यातून पाच, म्हणजे सहा-सात आठवडे. पहिले दहा-बारा दिवस माणूस बरा दिसतो. मग तोंड सोलवटतं, गिळता येत नाही, आवाज बसतो. नेमकी त्याच वेळी माणसं यायची थांबतात, कारण सगळ्यांचं बघून झालेलं असतं. बैठका संपल्यावरही तोंड भरून यायला काही आठवडे लागतात, आणि तेव्हा तर सगळ्यांना वाटतं, सुटले एकदाचे.

म्हणून आत्ता जो म्हणेल "काही लागलं तर सांग", त्याला लगेच काम आणि वार सांग. चौथ्या आठवड्यातल्या मंगळवारी दवाखान्यात सोबत. पाचव्या आठवड्यात रात्रीची जाग. कॅलेंडरवर नाव लिही, त्यांच्यासमोर लिही. पुण्याचा दादा पैसे पाठवतो, ते लागतातच. पण त्याला सहाव्या आठवड्याची रजा आजच टाकायला सांग. तू मागितलं नाहीस तर तो येणार नाही, आणि मग आयुष्यभर तुझ्या मनात त्याचा राग राहील.

मी मागितलं नव्हतं. कुणी विचारलं की "होतंय की" म्हणायची. काकांच्या नाकातून नळी होती. नाचणीची आंबील पातळ करून फडक्यातून दोनदा गाळायची, सिरिंजचा दट्ट्या काढून ती नळीला लावून उंच धरायची, आंबील आपोआप उतरते. आधी आणि नंतर पाणी सोडायचं, नाहीतर नळी तुंबते. पाचव्या आठवड्यात एका रात्री मी नीट गाळलं नाही, नळी तुंबली, आंबील त्यांच्या सदऱ्यावर सांडली आणि मी त्यांच्यावरच ओरडले. त्यांना बोलता येत नव्हतं. त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. माझा आवाज ऐकून शेजारच्या आक्का आल्या, त्या घरात कन्नडच बोलायच्या. माझ्या हातातली सिरिंज घेतली आणि म्हणाल्या, "नी होगि मलक्को." तू जाऊन झोप. चार तास झोपले मी. सकाळी काकांची माफी मागितली. दुसऱ्या दिवशी आक्कांना नर्सबाईंकडून नळीचं काम शिकवून घेतलं, ते पहिल्याच आठवड्यात करायला हवं होतं. अण्णांना नळी घालायची वेळ आली तर तू निदान दोघांना ते काम शिकवून घे.

कन्नड नीट येणारं एक माणूस दवाखान्यासाठी ठरव. फलक कन्नडमध्ये, रिपोर्ट इंग्रजीत, अण्णांचं दुखणं मराठीत. मधे उभं राहून तू एकटी थकशील.

कुणीतरी म्हणेलच, "तंबाखू खाल्ली, मग होणारच." निपाणीच्या तंबाखूवर ज्या भागातली कितीतरी घरं उभी राहिली, तिथली माणसं अण्णांच्या तोंडावर असं बोलतात, हे मला सहन होत नाही. अशांना सरळ ओसरीतूनच परत पाठव. वाईटपणा येईल. येऊ दे. त्या एका वाक्यानं अण्णा दोन दिवस जेवणार नाहीत.

केमोही चालू असेल तर ताप १००.४ फॅरनहाइटवर गेला की सकाळची वाट पाहायची नाही, रात्रीच दवाखान्यात फोन करायचा. हे सोबत राहणाऱ्या प्रत्येकाला सांग. पुढं मुंबईला तपासणीला जावं लागलं तर डॉक्टरांकडून रेल्वेचा सवलतीचा फॉर्म भरून घे. स्लीपरमध्ये पेशंटला भाडं नाही आणि सोबत्याला पंचाहत्तर टक्के सूट असते.

कॅलेंडरवर पाचव्या आठवड्यातल्या गुरुवार-शुक्रवारच्या दोन्ही रात्री माझ्या नावावर लिही. सकाळच्या एस्टीनं येते. गाळायचं फडकं माझं मी आणेन.

तुझी,
काकी