नळाचं पाणी, गंगा आणि कविता

प्रश्न : ताई, मी लालबागला चाळीत राहते, एका ऑफिसात अकाउंट्स बघते आणि रात्री सगळं आवरून झालं की कविता लिहिते. विषय घरातलेच असतात, नळ, डबा, लोकल. परवा एका ठिकाणी माझी एक कविता वाचून दाखवली, ‘नळाला पाणी आलं, हंडा भरला, जणू गंगामाई घरी अवतरली’, तर एक ज्येष्ठ कवी म्हणाले की ही नुसती सजावट आहे. पण पहाटे पाणी येतं तेव्हा मला खरंच काहीतरी पवित्र वाटतं हो. मग ते लिहायचं कसं?
– एक वाचक, लालबाग

उत्तर : तुम्हाला जे वाटतं ते शंभर टक्के खरं आहे, ते सोडू नका. फक्त गंगामाईची ओळ काढून टाका, कारण ती आली की नळ दिसेनासा होतो.

सावता माळ्यांचा अभंग घ्या. ‘कांदा मुळा भाजी, अवघी विठाई माझी’ आपल्याला पाठ असतं, पण पुढे बघा काय येतं, ‘मोट नाडा विहीर दोरी, अवघी व्यापिली पंढरी’. मोट, नाडा, दोरी, ही सगळी रोज हाताखालची अवजारं, त्यांना ना विशेषण ना ‘जणू’, नुसती नावं घेतलीत आणि पंढरी मळ्यात आलीय. (त्यातच ‘लसूण मिरची कोथिंबिरी’ पण आहे. मिरची आपल्याकडे आली पोर्तुगीजांबरोबर, सावतोबा तेराव्या शतकातले, म्हणजे मला वाटतं गाणाऱ्यांनी पुढे आपापल्या मळ्यातलं त्यात घातलं असणार. मला हे फार आवडतं.) सेना न्हावींनी वेगळं केलं, ‘विवेक दर्पण आयना दाऊं, वैराग्य चिमटा हालवूं’, तिथे प्रत्येक हत्याराला एकेक अर्थ लावलाय. सुंदरच आहे, पण माझं मन सावतोबांकडे जास्त ओढतं कारण तिथे कांदा कांदाच राहतो.

आणि जनाबाई! ‘झाडलोट करी जनी, केर भरी चक्रपाणी, पाटी घेऊनियां शिरीं, नेउनियां टाकी दुरी’. जनी झाडू ठेवून देवळात जात नाही, देवच कचऱ्याची पाटी डोक्यावर घेऊन लांब टाकून येतो. तुमच्या कवितेत उलटं झालंय, तुम्ही नळाला उचलून गंगेपर्यंत नेलंत. तो जिथे आहे तिथेच राहू दे, मोरीत.

मग लिहायचं काय, तर जे तुम्हालाच माहितीय ते. पाणी यायच्या आधी नळातून हवा फुसफुसते, पहिलं गढूळ पाणी सोडून द्यावं लागतं, कोणीतरी गॅलरीतून ‘पाणी आलं’ म्हणून ओरडतं, मग शेजारच्या आजींचा हंडा आधी लागतो कारण त्यांना वाकता येत नाही. हे सगळं क्रमाने लिहा आणि थांबा. आजींच्या हंड्यावर वाचक आपोआप थबकेल, तिथे तुम्ही ‘पवित्र’ म्हणायची गरजच नाही.

प्रश्न : मी देव मानत नाही. मला रोजच्या साध्या गोष्टींत पवित्र काही बघणारी अशी कविता लिहिता येईल का?
– कॉलेज विद्यार्थी, विक्रोळी

उत्तर : येईल की! नारायण सुर्वे वाच. मुंबईच्या गिरणगावातच वाढले, गिरणीत राबले, शाळेत शिपाई होते आणि मग शिक्षक झाले, विचाराने डावे, आणि १९६२ साली पहिल्या संग्रहाला नाव दिलं ‘ऐसा गा मी ब्रह्म’. देवाबिवाचा आधार न घेता कामगाराने स्वतःबद्दल हे म्हणायचं, ही केवढी हिंमत आहे! त्यांची ‘हे हात माझे सर्वस्व’ ही ओळ आहे ती मोठ्याने वाच, मग आपल्या आईबाबांच्या हातांकडे बघ. दुसरे अरुण कोलटकर. दक्षिण मुंबईत काळा घोड्याला वेसाइड इन नावाच्या हॉटेलात बसून त्यांनी समोरचा चौक वर्षानुवर्षं पाहिला, फुटपाथवर नाश्ता करणारी माणसं, कुत्री, कचरा, आणि त्यातूनच त्यांच्या इंग्रजीतल्या काळा घोडा कविता आल्या, २००४ मध्ये. देव आहे की नाही हा वाद तिथे कोणी काढतच नाही, समोरच्या माणसाकडे इतकं मन लावून बघितलंय.

तू विक्रोळी स्टेशनच्या बाहेर सकाळी एकाच जागी उभा राहा, रोज तीच जागा, आणि पहिला महिनाभर कविता लिहू नकोस, फक्त काय दिसलं त्याची नावं वहीत लिहून ठेव. मग वही मला पाठव, मी वाचेन.