युद्धाचा प्रश्न आला की डावे विचारवंत आपसातच का भांडतात?

कारण प्रत्येकाचं एक लाडकं युद्ध असतं, बाकीची सगळी साम्राज्यवादी. हे मी सख्ख्या मामाला तोंडावर सांगितलं होतं, पुढे वर्षभर तो माझ्याशी बोलला नाही.

मार्च २००३. फोंड्यात शिगम्याचे ढोल घुमत होते आणि मामाच्या टीव्हीवर अमेरिकेच्या हल्ल्यात बगदाद पेटलं होतं. मामा १९५५ च्या गोवामुक्ती सत्याग्रहातला, सीमेवर पत्रादेवीला पोर्तुगीजांच्या गोळ्या सुटल्या तेव्हा तुकडीत होता. पुढे हाडाचा कम्युनिस्ट. मी कॉलेजात, क्रिस्टोफर हिचन्सने भारावलेला. वीस वर्षं 'द नेशन' या अमेरिकन डाव्या साप्ताहिकात लिहिणारा हा इंग्रज पत्रकार २००२ त तिथून बाहेर पडला, इराकच्या सद्दामला हटवायलाच हवं म्हणून अडून बसला. अमेरिकेच्या युद्धांवर सतत टीका करणाऱ्या डाव्या विचारवंत चॉम्स्कीशी त्याचं ११ सप्टेंबरनंतरच वाजलं होतं. सायबर कॅफेतून त्याच्या लेखाची प्रिंट काढून मी मामाला वाचून दाखवू लागलो. मामा शेंगा सोलत होता. मान वर न करता म्हणाला, ''हो तुजो कागद उलयता, तूं न्हय.'' (हा तुझा कागद बोलतोय, तू नव्हे.)

माझं डोकं फिरलं. म्हटलं, ''आणि १९६१ त पोर्तुगालच्या सालाझारच्या माणसांना गोव्यातून कोणी घालवलं? लष्करानेच ना? अमेरिका तेव्हा युनोत त्याला आक्रमणच म्हणत होती. रशियाने व्हेटो वापरला तेव्हा तुला बरं वाटलं!'' मामा उठला, टरफलं खाली सांडली, आणि त्याने टीव्हीचा आवाज वाढवला.

तुमच्या प्रश्नाकडे येतो. हे जुनंच आहे. ४ ऑगस्ट १९१४ ला जर्मन समाजवाद्यांनी संसदेत पहिल्या महायुद्धाच्या कर्जाच्या बाजूने मत दिलं. डिसेंबरात त्यांच्यातलाच लीबक्नेख्ट एकटा विरोधात गेला. आपल्याकडे १९४१ त हिटलर रशियात घुसला आणि कम्युनिस्टांना आधी साम्राज्यवादी म्हटलेलं तेच युद्ध 'लोकयुद्ध' वाटू लागलं, मग १९४२ च्या 'छोडो भारत'ला विरोध. १९६२ त चीन युद्धावरून कम्युनिस्ट नेते डांगे नेहरूंच्या बाजूने, दुसरा गट वेगळ्या सुरात, आणि १९६४ त पक्ष फुटला. (फुटीला इतरही कारणं होती.) भांडण तत्त्वाचं म्हणतात, पण आधी बाजू ठरते आणि तत्त्व मागून शोधतात. मामाने १९४२ चं नाव कधी काढलं नाही.

आता मान्य करतो, गोवा आणि इराक एक नव्हे. इथे ४५१ वर्षांची वसाहत होती, मुक्तीचा लढा इथल्याच लोकांनी चालवला होता, कारवाई दीडेक दिवसात आटोपली. इराकात, ज्यांच्या नावाने युद्ध पुकारलं ती संहारक अस्त्रं सापडलीच नाहीत, आणि पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. हिचन्स चुकलाच. पण हा फरक मामाने तेव्हा मला सांगायला हवा होता, आवाज वाढवायला नको होता.