मुरूम नंतर, आधी पाण्याला वाट

प्रश्न : आमच्या तांड्याचा रस्ता जंगलातून जातो. दरवर्षी मे महिन्यात मुरूम पडतो आणि पोळ्यापर्यंत वाहून जातो. डांबरीकरण हाच उपाय का? (कन्नड तालुका)

उत्तर : डांबरही वाहून जाईल, फक्त जास्त पैसे घेऊन. मुरमाला दोष देऊ नका. तुमचा रस्ताच नाला झालाय. ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या खोल गेल्या, कडेची जमीन वर राहिली, म्हणून डोंगराचं पाणी त्यातूनच उतरतं. आपल्याकडे मराठवाड्यात वर्षाचा पाऊस सरासरी 700 मिलिमीटरच्या आसपास असला तरी तो मोजक्या दिवसांत धो धो कोसळतो.

म्हणून आधी चाकोऱ्या नांगरून मोडा आणि रस्त्याला मधोमध उंचवटा द्या. 3 मीटर रुंदीच्या रस्त्याला मध्यभागी कडेपेक्षा 6 सेंटिमीटर उंची पुरते. डोंगराच्या अंगाला चारी काढा. चढावर रस्त्याला तिरपे, वीतभर उंच पण पसरट मुरमाचे बांध घाला, म्हणजे गाडी आपटणार नाही. शंभर मीटरला दहा मीटर चढ असेल तर 25-30 मीटरवर एक बांध हवा. प्रत्येक बांधाचं पाणी गवतात सोडा, उघड्या मातीवर नाही.

आणि हे काम दिवाळीनंतर लगेच करा. तेव्हा जमिनीत ओल असते, दबाई नीट बसते. मेमधला कोरडा मुरूम रोलर फिरवूनही भुसभुशीतच राहतो, पण निधी संपवायची घाई तेव्हाच असते ना!

प्रश्न : नळकांडी मोरीच्या तोंडाशी मोठी ओघळ पडली आहे. कडेच्या धावड्याची मुळं उघडी पडली. (येडशी)

उत्तर : चार ठिकाणी पसरणारं पाणी तुम्ही एका नळात कोंडलं, मग ते बाहेर पडताना जमीन फोडणारच. नळाचं तोंड नाल्याच्या तळाच्या पातळीला आणा आणि त्यापुढे मोठे दगड एकमेकांत घट्ट रोवून फरसबंदी करा. शक्य असेल तिथे नळाऐवजी फरशी पूल बांधा. पालापाचोळ्याने नळ तुंबतो आणि पाणी रस्त्यावर चढतं. फरशीवरून ते निवांत जातं.

दगड मात्र त्याच नाल्यातला उचलू नका. नोकरीच्या सुरुवातीला मी हा उद्योग केला होता. पात्र खाली गेलं आणि दुसऱ्या पावसाळ्यात माझी फरशी अधांतरी लटकली. वरिष्ठ काही बोलले नाहीत, नुसते बघत राहिले.

मुळांवर मातीचा हलका थर द्या, पण बुंध्याला माती लावू नका, साल कुजते.

प्रश्न : डागडुजीसोबत रस्ता थोडा रुंद केला तर चालेल का? (किनवट)

उत्तर : विचारल्याशिवाय नाही. आहे त्या रुंदीतल्या कामासाठीही जेसीबी आणण्याआधी वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांचं लेखी उत्तर घ्या. अभयारण्य असेल तर वन्यजीव विभागाचंही. गावाच्या रस्त्यासाठी वनहक्क कायदा, 2006 मध्ये सोय आहे : जागा एक हेक्टरपेक्षा कमी, हेक्टरी जास्तीत जास्त 75 झाडं आणि ग्रामसभेची शिफारस. ठराव आधी करा. तरीही माझं मत सांगतो, रुंदी नको. समोरासमोर गाड्या आल्या तर थांबायला मोकळ्या जागा ठेवा, तेवढ्याने भागतं.

प्रश्न : रस्त्याचा एक तुकडा काळ्या मातीत आहे. कितीही मुरूम घाला, तो गिळते. शिवाय गेल्या वर्षी मुरूम टाकल्यापासून दोन्ही कडांना गाजरगवत माजलंय. (पाटोदा)

उत्तर : काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, वरचा मुरूम तिच्यात रुतत जातो. तो तुकडा फूटभर खोदा, तळाला मोठा दगड अंथरा, वर बारीक खडी आणि मग मुरूम. निघालेली माती उताराला ढकलू नका, ती थेट ओढ्यात जाते. रस्त्यालगतचे जुने खड्डे त्यातून बुजवा.

गाजरगवताचं बी बहुधा मुरमाच्या ढिगातून आणि जेसीबीच्या चाकांतून आलं. पुढच्या वेळी खाणीवर जाऊन ढीग बघा, गाजरगवत उगवलेलं दिसलं तर तो घेऊ नका. आत्ताचं फुलोऱ्याआधी, हातमोजे घालून उपटा. रिकाम्या कडेला पवना किंवा मारवेलचं बी पहिल्या पावसात टाका. गवत बसलं की गाजरगवताला जागा कमी उरते, आणि कडेची मातीही धरली जाते.