डॉक्टर व्हायचंय, तर वैद्यकीय क्षेत्राची ओळख करून देणारा उन्हाळी कार्यक्रम करून खरंच फायदा होतो का?

होतो, पण प्रवेशअर्जापेक्षा स्वतःला जोखण्यासाठी जास्त. डॉक्टरांच्या मागे वॉर्डात फिरलात की कळतं, दिवसाचा केवढा वेळ रुग्णाचं ऐकण्यात आणि नोंदी लिहिण्यात जातो. जखमेवरची पट्टी सोडताना येणारा वास आपल्याला झेपतो का, हे पुस्तक वाचून समजत नाही.

अमेरिकेत एसएचपीईपी (समर हेल्थ प्रोफेशन्स एज्युकेशन प्रोग्राम) हा आरोग्यक्षेत्रात जाऊ पाहणाऱ्यांसाठीचा सहा आठवड्यांचा मोफत कार्यक्रम आहे, कॉलेजच्या सुरुवातीच्या वर्षांतल्या मुलांसाठी. घरची परिस्थिती बेताची असेल तर अशाच ठिकाणी आधी अर्ज करा.

भरमसाठ फी घेऊन नुसतं प्रमाणपत्र हातात ठेवणाऱ्यांच्या नादी लागू नका. रुग्णांजवळ जायला मिळेल का, ते आधी स्पष्ट विचारा. नसेल मिळत, तर त्यापेक्षा जवळच्या रुग्णालयात स्वयंसेवक म्हणून काम करा.